उताराचा हिशेब

पोरी, तू पाठवलेली यादी चष्मा लावून दोनदा वाचली. कोल्हापूर, शिरसी, जोग, आगुंबे, शृंगेरी, चिकमगळूर, मडिकेरी, वायनाड, उटी, मुन्नार. ठिकाणं चांगली निवडलीस. विमानानं कोचीला उतरून टॅक्सीनं वर गेलेल्याला मुन्नार दिसतं, पण आपला आंबा घाट आणि तिथले चहाचे डोंगर एकाच सह्याद्रीचे, हे त्याला कळायचं कसं? फक्त एक काम कर. प्रत्येक ठिकाणापुढं तू किलोमीटर लिहिलेत, ते खोड. त्या जागी लिही, इथून उतरायचं किती वाजता. काय खायचं, कुठं मुक्काम करायचा, सामान कसं भरायचं, विहीणबाईंना कुठं बसवायचं, हे बाकीचं सगळं त्यावरून ठरेल.

मी एसटीत लागलो तेव्हा आमचे वस्ताद नव्या ड्रायव्हरला करूळ घाटात न्यायचे. वैभववाडीकडून चढताना तंबाखू मळत गप्प बसायचे. गगनबावड्याहून गाडीचं तोंड खाली झालं की मग त्यांचं तोंड उघडायचं. चढताना चुकलास तर गाडी थांबेल, उतरताना चुकलास तर थांबणार नाही, एवढ्यावर त्यांची सगळी शिकवणी उभी होती. पुढं माझ्या हाताखाली जी पोरं आली त्यांना मी तेच सांगितलं, आता तुला सांगतो.

ज्या गेरात चढलीस त्याच गेरात उतर. दुसऱ्यात चढली असेल तर दुसऱ्यात. इंजिन गाडीला मागं धरून ठेवतं आणि ब्रेकला विसावा मिळतो. तुझी गाडी ऑटोमॅटिक आहे म्हणून ‘डी’वर टाकून निवांत बसू नकोस. एल, एस, एम, जे काय कंपनीनं दिलंय ते घरीच पुस्तक काढून समजून घे आणि आंबोलीला एक फेरी मारून हाताला सवय कर. न्यूट्रल तर नाहीच. जावईबापू म्हणतील, पेट्रोल वाचतं. त्यांना माझ्या नावानं सांग, हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गेरात असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिनाला जाणारं पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच. म्हणजे पैशाच्या हिशेबातही न्यूट्रल तोट्यात. आणि किल्ली फिरवून इंजिनच बंद केलंत तर स्टिअरिंग जड होतं, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं.

ब्रेकवर नुसता पाय ठेवून उतरायचं नाही. वेग वाढला की ठामपणे दाब, हवा तेवढा खाली आण आणि पूर्ण सोड. सतत हलका पाय राहिला की पॅड तापतात आणि पकड सुटते. त्याहून तापले तर ब्रेक ऑइलला उकळी फुटते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ तळाला जातं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळं जुनं झालं की लवकर उकळतं. दोन वर्षं झाली असतील तर निघण्याआधी बदलून घे. गॅरेजवाला म्हणेल, अजून चालतंय की ताई. सपाटीवर चालतंय, त्याचं काही खोटं नाही.

जळका वास आला, पेडल मऊ लागलं, तर पुढच्या रुंद जागेला गाडी बाजूला घे. चाकावर पाणी ओतू नको, तापलेली डिस्क वाकडी होते. हँडब्रेकही आवळून ठेवू नको. ‘पी’वर टाक, चाकाखाली बऱ्यापैकी दगड लाव आणि अर्धा तास पाय मोकळे करा. निघताना तो दगड उचलून पार कडेला टाकायचा, हे मी हात जोडून सांगतो. ट्रक थांबतो, क्लीनर दगड लावतो, ट्रक निघून जातो आणि दगड रस्त्यात तसाच राहतो. अंधारात मोटारसायकलवाला त्याच्यावर जाऊन आपटतो. वस्ताद दगड कोण उचलतो यावरून माणूस पारखायचे, आणि त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवून लगेच पुढं जायचं नाही, उत्तर येतंय का ते ऐकायचं. त्यासाठी घाटात तुझ्या बाजूची काच चार बोटं खाली आणि गाणी बंद. पोरं कुरकुरतील, कुरकुरू देत. रात्री हॉर्नपेक्षा डिपर बरा, वळणापलीकडच्या झाडांवर उजेड पडतो. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्याला वाट द्यायची. हा नुसता जुना शिरस्ता नाही, वाहतुकीच्या नियमांतही तसंच लिहिलंय, कारण चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलायची म्हणजे क्लचचं मरण. आणि आपली एसटी असो नाहीतर कर्नाटक-केरळची केएसआरटीसी, यू-वळणात बसला सगळा रस्ता लागतो. वळणाच्या तोंडाशी बस दिसली की अलीकडंच थांब, तिला पुरती फिरू दे. ड्रायव्हर हात दाखवेल, तूही दाखव. त्या एवढ्याशा ओळखीवर घाट चालतात.

आता वेळेचं. घाटात गाडी तासाला पंचवीस-तीस किलोमीटर गेली तर खूप झालं. उटी ते मुन्नार म्हणजे कोल्हापूर-पुण्यापेक्षा थोडंसंच जास्त अंतर, पण कुन्नूरहून मेट्टुपाळयमला उतरायचं, सपाटीवर कोइमतूर-उडुमलपेट करायचं आणि चिन्नारच्या जंगलातून मरयूरला पुन्हा चढायचं, यात सगळा दिवस जातो. आपल्या लोकांची एक खोड आहे, रात्री जेवून निघायचं आणि सकाळी पोचायचं. दिवस वाचतो म्हणे! पहाटे तीन ते पाच या वेळेत पोटचा पोरगा शेजारी बसला असला तरी ड्रायव्हरला डुलकी लागते. पाचला ऊठ, उजाडताना नीघ, चारच्या आत खोलीवर पोच.

आगुंब्याचं उदाहरण घे. उडुपीकडं उतरणाऱ्या त्या घाटात 14 यू-वळणं आहेत आणि घाटमाथ्यावर सूर्यास्ताची जागा. आभाळ स्वच्छ असेल तर अरबी समुद्र चमकताना दिसतो, बघण्यासारखंच आहे ते. पण सूर्य बुडाला की जमलेली सगळी गर्दी एकदम गाड्या चालू करते आणि ती चौदाच्या चौदा वळणं अंधारात, एकमेकांच्या दिव्यांत डोळे दिपवत उतरते. तू सूर्यास्त बघ, त्या एका दिवशी चारच्या नियमाला सूट, आणि गाडी शृंगेरीकडं वळव. तीसेक किलोमीटरवर शारदांबेचं गाव, तुंगेच्या काठी मुक्काम. उडुपीला जायचंच असेल तर सकाळी न्याहारी करून उतर. आणि दादाला सांग, ‘मालगुडी डेज’ ही मालिका शंकर नाग यांनी आगुंब्यातच चित्रित केली होती, त्यातलं मोठं लाकडी घर अजून आहे. तो खूश होईल.

यादीत म्हैसूर नाही, पण मडिकेरीहून मोह झाला आणि वळलीस तर ध्यानात ठेव, तिथून पुढं लागणारे बंडीपूरच्या जंगलातले दोन्ही रस्ते रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतात. 2009 पासूनचा नियम आहे. रात्री गाड्यांखाली जनावरं मरायची म्हणून झाला, आणि चांगला झाला. तिथून पुढं मसिनगुडीवरून उटीला कल्हट्टीचा जवळचा रस्ता आहे, 36 वळणांचा. बाहेरच्या गाड्यांना तिथून चढायला सोडतात, उतरायला सोडत नाहीत. वस्तादांना हे कळलं असतं तर त्यांनी त्या पोलिसांना चहा पाजला असता.

जायचं कधी, हे तू विचारलं नाहीस, पण तेच आधी विचारायचं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये पोरांना सुट्टी असली तरी हा रस्ता नको. आपलं माळीण 30 जुलै 2014 ला दरडीखाली गेलं आणि वायनाडमधलं मुंडक्कै-चूरलमला 30 जुलै 2024 ला. मुरलेला डोंगर पाणी पिऊन पिऊन एका रात्रीत सुटतो, त्याला पावसाळ्याचा शेवटच लागतो असं नाही. दिवाळीला निघायचं म्हणतेस ते ठीक, पण एक गोष्ट आपल्याकडच्यांना माहीत नसते. आपला पाऊस दसऱ्याला संपतो, त्यांचा तेव्हा दुसऱ्यांदा सुरू होतो. ईशान्येकडून येणारा हा पाऊस केरळात आणि निलगिरीत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडतो. सकाळ लख्ख असते, दुपारी ढग चढतात आणि चारच्या सुमाराला विजांसकट कोसळतो. नोव्हेंबर 2009 मध्ये कुन्नूर-केत्तीच्या बाजूला याच पावसानं दरडी आणल्या होत्या. चारच्या आत खोलीवर पोच म्हणालो ते यासाठीसुद्धा. जानेवारी-फेब्रुवारीत जमवलंस तर आकाश कोरडं, फक्त जोगला पाणी बारीक असेल, कारण शरावतीचं पाणी वर लिंगनमक्कीच्या धरणात अडवलेलं असतं. दिवाळीत जोग चांगला आणि उटी ओली, फेब्रुवारीत उलटं. दोन्ही एकदम मिळत नाही, काय ते घरात बसून ठरवा.

गाडीत माणसं कशी बसवायची ते बघ. ज्याला उलटी होते त्याला समोरचा रस्ता दिसला पाहिजे, म्हणून धाकटीला मागच्या सीटवर मधोमध बसव. कानातला तोल सांगतो गाडी वळतेय आणि डोळे मोबाइलवर खिळलेले, की पोट ढवळायला लागतं. मोबाइल, पुस्तक, चित्रं रंगवणं, सगळं घाट संपेपर्यंत बंद. मांडीवर घेऊन पुढं बसवायचं नाही, एअरबॅग मुलासाठी नसते. अव्होमिन द्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तासभर आधी. वांती सुरू झाल्यावर दिलेली गोळी वांतीबरोबरच बाहेर येते. तिनं झोप येते, त्यामुळं गाडी चालवणाऱ्यानं ती तोंडात टाकायची नाही. उपाशीपोटी नेऊ नको, आणि कोल्हापूरकर म्हणून निघताना मिसळही खाऊ घालू नको. इडली, केळं, आलेपाक. पिशव्या हाताशी ठेव, आणि पिशवीत फुंकर मारून भोक आहे का ते आधी बघ. हे सांगायला हसू येतं, पण आमच्या कंडक्टरनं या एका गोष्टीची सगळ्यात जास्त धास्ती घेतलेली मी बघितलीय.

कानालाही उतारच जड जातो. चढताना कानातली हवा आपली आपण बाहेर पडते, उतरताना ती आत घ्यायला गिळावं लागतं. पोरांना उतारावर गोळ्या चघळायला दे. विहीणबाईंना सर्दी असेल तर त्या दिवशी मोठा उतार टाळलेला बरा. उटी 2240 मीटरवर आहे. कोल्हापुरात घेतलेलं वेफर्सचं पाकीट तिथं पोचेपर्यंत फुगून टम्म होतं, ते पोरांना दाखव, हवेचा दाब म्हणजे काय ते शाळेपेक्षा लवकर कळेल.

विहीणबाईंच्या गुडघ्यांचंही तसंच. जोगला धबधब्याच्या पायथ्यापर्यंत हजारावर पायऱ्या आहेत. उतरताना सगळे उत्साहात असतात. त्यांना वर कठड्यापाशी खुर्ची बघून द्या, राजा, राणी, रोअरर, रॉकेट चारही धारा तिथूनच सगळ्यात चांगल्या दिसतात. 253 मीटरवरून पडणारं पाणी बघायला खाली जायची गरज नाही. दर दीड-दोन तासांनी थांबायचं, कुणी मागितलं नाही तरी. त्या मागणार नाहीत, हे तुलाही माहीत आहे. सूनबाईला गाडी थांबवायला लावायची म्हणजे संकोच, मग पाणीच प्यायचं बंद. पेट्रोल पंपावर शौचालय असतं, पैसे पडत नाहीत. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असेल तर ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेव.

खाण्याची काळजी करू नको, हा आपल्यासारख्यांसाठी स्वर्ग आहे. शिरसीपासून खाली तवेभर नीर डोसे, कोडगूत तांदळाची अक्की रोट्टी, वायनाडात पुट्टू आणि काळ्या चण्याची कडला. केरळात हॉटेलात बसल्या बसल्या कोमट गुलाबी पाणी आणून ठेवतील. जावईबापू ते परत पाठवतील. पाठवू देऊ नको. पतिमुगमचं लाकूड घालून उकळलेलं पाणी असतं ते. चहा बिनदुधाचा हवा तर ‘कट्टन चाय’ म्हण. निलगिरीत प्लास्टिकच्या लहान बाटल्यांना बंदी आहे, नाक्यावर काढून घेतात आणि दंडही करतात. घरूनच स्टीलच्या बाटल्या घे.

रस्ता मोबाइलला विचार, पण शेवटचा शब्द त्याचा नाही. कॉफीच्या मळ्यांतून जाणारी वाट तो बिनदिक्कत ‘वीस मिनिटं वाचतील’ म्हणून दाखवतो, आणि पुढं मळ्याचं फाटक नाहीतर नुसता गाडीच्या रुंदीचा खडी उडालेला उतार. फाट्यावर चहावाल्याला एवढंच विचार, इथून बस जाते का? बस जाते तो आपला रस्ता. बस जात नसेल तर दहा किलोमीटर जास्त पडले तरी मोठ्या रस्त्यानं जा. कर्नाटकात डावीकडं ‘एड’, उजवीकडं ‘बल’, केरळात आणि तमिळनाडूत ‘इड’ आणि ‘वल’, आणि नाकासमोर ‘नेर’ म्हटलं की तिन्हीकडं भागतं. आगुंबे, कुद्रेमुखच्या बाजूला रेंज जाते, नकाशे आधीच उतरवून ठेव. टाकी अर्ध्यावर आली की भर, जंगलात पंप नसतात.

धुकं उतरलं तर वरचा झोत लावायचा नाही, समोर पांढरी भिंत उभी राहते. खालचा झोत लाव आणि डाव्या कडेच्या पट्टीवर नजर ठेव. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची फॅशन निघालीय, त्यानं मागच्याला तू थांबलीस की वळतेस काही कळत नाही. काच आतून धुरकटली तर पुसत बसू नको, एसी चालू करून गरम हवा काचेवर सोड. हत्ती दिसला तर लांब थांब, इंजिन चालू, दिवे खालच्या झोतावर, हॉर्न नाही, कुणीही खाली उतरून फोटो नाही. जळू चिकटली तर मीठ लाव, ओढू नको. सुटल्यावर रक्त बराच वेळ वाहतं, कारण ती रक्त गोठू न देणारं काहीतरी सोडून जाते. पोरांना आधीच सांगून ठेव म्हणजे आरडाओरडा होणार नाही.

उटीत एक दिवस गाडीला विश्रांती दे आणि सगळ्यांना निलगिरीच्या छोट्या रेल्वेत बसव. मेट्टुपाळयमपासून तिकीट मिळालं तर नशीब, नाहीतर कुन्नूर-उटी तरी. कल्लार ते कुन्नूर या भागात रुळांच्या मधे दात्यांची पट्टी आहे, इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकून चढतं. इंजिन कायम गाडीच्या खालच्या टोकाला असतं, म्हणजे चढताना ढकलतं आणि उतरताना अडवतं. शिवाय डब्याडब्यावर ब्रेकवाला माणूस. 1899 ला ही गाडी कुन्नूरपर्यंत सुरू झाली, तेव्हापासून उताराचाच विचार करून चालवलीय. पोरांना इंजिन कुठल्या टोकाला आहे ते जाऊन बघायला लाव.

निलगिरीत शिरायला ई-पास लागतो, मे 2024 पासून. तो ऑनलाइन मिळतो, पण सुट्टीच्या दिवसांत गाड्यांची संख्या ठरलेली असते, त्यामुळं खोली ठरवलीस की त्याच दिवशी काढ आणि कागदावर छापून डॅशबोर्डच्या खणात ठेव. सामान काचेच्या वर येऊ देऊ नको, मागचं दिसलं पाहिजे. टपावर कॅरिअर नको, वळणात गाडी झुलते. स्टेपनी डिकीच्या तळाशी असते आणि पंक्चर नेमकं पावसात होतं. तेव्हा बॅगा अशा रच की दोन काढल्या की पाना आणि जॅक हाताला लागावा. आदल्या दिवशी चाकं थंड असताना हवा बघ. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला तक्ता असतो, त्यात भरल्या गाडीचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, तो धर. स्टेपनीतही हवा बघ, पंपावरचा पोरगा ती विसरतो. आणि मुक्कामाला पोचलीस की मला फोन कर, घाटातून करू नको.